ओंडका उचलायचा नाही, लोळवायचा: लाकूडफोड यंत्राला घरी बनवलेली लिफ्ट

मिशिगनमध्ये लाकडावर घर तापवणाऱ्याला ओंडके फोडण्याचं काम चुकत नाही. फोडायचं काम यंत्र करतं. कंबर जाते ती ओंडका जमिनीवरून उचलून यंत्राच्या बीमवर, म्हणजे ज्या लोखंडी तुळईवर तो फोडला जातो तिच्यावर, ठेवताना. यंत्रावर '२७ टन' असं ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं, पण तो जोर लागण्याआधी ओंडका तिथवर न्यायचा कोणी, हे कुणीच सांगत नाही. माझ्या यंत्राला मी बाजूनं एक हायड्रॉलिक लिफ्ट बसवली आहे. ज्याला वेल्डिंग येतं आणि ज्याच्याकडे ग्राइंडर आहे, त्याला ती दोन-तीन शनिवार-रविवारांत जमेल. इथे आपली बरीच मंडळी आता शहराबाहेर जागा घेऊन राहतात, लाकडाची शेगडी लावतात आणि चाळिशी-पन्नाशीत पाठीचा पट्टा बांधून फिरतात. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी वजन नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा आराखडा त्यावर उभा आहे. शेगडीसाठी ओंडका साधारण १६ इंच लांब कापतात. त्याचा व्यास २४ इंच असेल तर घनफळ सव्वाचार घनफुटांच्या आसपास येतं. रेड ओक या झाडाचं ताजं, ओलं लाकूड घनफुटाला ६० पौंडांच्या वर भरतं, म्हणजे हा एक ओंडका अडीचशे पौंडांच्या पुढे गेला. किलोत सांगायचं तर ११५ ते १२०, सिमेंटच्या दोन पोत्यांहून जास्त. ॲश या झाडाचं लाकूड थोडं हलकं, त्याच मापाचा ओला ओंडका ९० किलोंच्या घरात. व्यास ३० इंचांवर गेला की ओकचा ओंडका ४०० पौंड, म्हणजे १८० किलो ओलांडतो. व्यास थोडा वाढला तरी वजन वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून डोळ्यांनी फसायला होतं.

आणि मिशिगनमध्ये मोठ्या ॲशची कमतरता नाही. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोअरर हा आशियातून आलेला हिरवा चमकदार किडा पहिल्यांदा ओळखला गेला. त्याची अळी सालीखालचा जिवंत थर पोखरते, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. कोट्यवधी ॲश असे गेले. माझ्या शेजारपाजारची वाळलेली जुनी झाडं कापली गेली, तेव्हा दीड-दोन फूट व्यासाच्या ओंडक्यांचे ढीग नुसते 'घेऊन जा' म्हणून पडून होते. लाकूड उत्तम जळतं. ते फार लांब मात्र नेऊ नये, कारण सरपणाबरोबरच हा किडा गावोगाव पसरला. जिथलं लाकूड तिथेच जाळावं, असा माझा आग्रह आहे.

काही जण म्हणतील, यंत्राचा बीम उभा करता येतो की, मग ओंडका जमिनीवरच ठेवून फोडा. खरं आहे, उभ्या बीमखाली ओंडका ढकलता येतो. पण मग तुम्ही बादलीवर किंवा गुडघ्यांवर बसून, वाकून, प्रत्येक फोडीनंतर तेच धूड हातांनी फिरवत राहता. बर्फात, चिखलात, दिवसभर. एकदा उचलण्याचा त्रास वाचला, पण वाकण्याचा दहापट वाढला. माझं मत स्पष्ट आहे: बीम आडवा, आपण ताठ उभे, आणि ओंडका जमिनीवरून फक्त लोळवत आणायचा.

लिफ्ट चालते कशी

लिफ्ट म्हणजे एल आकाराचा एक सांगाडा. त्याच्या उभ्या भागाला मी 'हात' म्हणतो, जमिनीवर टेकणाऱ्या आडव्या भागाला 'पाऊल'. हाताचं वरचं टोक बीमच्या बाजूला एका पिनीवर फिरतं. लिफ्ट खाली असते तेव्हा हात लोंबता आणि पाऊल जमिनीवर सपाट. ओंडका लोळवत पावलावर आणायचा, त्याची लांबी बीमच्या लांबीला समांतर ठेवून. सिलिंडर हाताला बाहेर ढकलतो, सांगाडा नव्वद अंश फिरतो. आता हात आडवा झाला, बीमच्या पातळीला आला आणि त्याचंच टेबल झालं. पाऊल बाहेरच्या बाजूला उभं राहिलं, ओंडक्याला पलीकडे पडू न देणारी भिंत झाली. ओंडका त्या टेबलावरून घरंगळत बीमवर येतो.

या रचनेचा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ओंडका दुभंगला की त्याचं एक अर्धुक एरवी धपकन खाली पडतं आणि पन्नास किलोंचं ते अर्धुक पुन्हा उचलावं लागतं. लिफ्ट वर ठेवली तर ते टेबलावर पडतं. नुसतं ओढून घ्यायचं.

हात आणि पाऊल यांच्यामधला कोन मात्र काटकोन ठेवू नका. ९५ अंश ठेवा. मग पाऊल जमिनीवर सपाट असताना हात थोडा बाहेर झुकलेला असतो, आणि नव्वद अंश फिरल्यावर टेबलाचं बाहेरचं टोक पाच अंशांनी वर राहतं. तेवढ्या उतारावर ओंडका आपसूक बीमकडे येतो. काटकोन ठेवला तर ओंडका टेबलावर बसून राहतो आणि तो ढकलायला परत आपली पाठ लागते.

कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या थोरल्या भावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याला फोनवर आराखडा दाखवला, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "अरे, आधी पुठ्ठ्यावर काढ, मग लोखंडाला हात लाव." हे मी तुम्हालाही सांगतो. एक मोठा प्लायवूड घ्या, त्यावर यंत्राची बाजू खऱ्या मापात काढा: जमिनीची रेघ, बीमचा वरचा पृष्ठभाग, चाक, तेलाची टाकी. पुठ्ठ्याचा एल कापून खिळ्यावर फिरता बसवा. सिलिंडरच्या जागी दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकत्या ठेवा, मिटलेली आणि उघडलेली लांबी त्यावर खुणेनं दाखवा. एल फिरवून बघा. सिलिंडर कुठे अडकतो, टाकीला काय घासतं, वर गेल्यावर हात बीमवर आपटतो का, सगळं तिथल्या तिथे कळतं.

माझी मापं देतो, पण ती नकलून घेऊ नका, आपल्या यंत्रावर पडताळा. बीमचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून २६ इंच. फिरती पिन २४ इंचांवर, म्हणजे बीमच्या वरच्या पातळीच्या दोन इंच खाली. हात २२ इंच लांब, पाऊल २४ इंच. सिलिंडरचा दांडा हाताला जिथे जोडला आहे तो कान, म्हणजे पिनीसाठी भोक असलेली प्लेट, फिरत्या पिनीपासून साडेपाच इंचांवर. सिलिंडरचं बूड बीमखाली पलीकडच्या बाजूला, पिनीपासून साडेतेरा इंच आत आणि १८ इंच खाली. सिलिंडर दोन इंच बोअरचा (आतला व्यास), आठ इंच स्ट्रोकचा (दांडा जितका बाहेर येतो ते अंतर), दोन्ही दिशांना तेल घेणारा. मिटलेला असताना पिनीपासून पिनीपर्यंत सव्वाअठरा इंच. नव्वद अंश फिरायला स्ट्रोकचे पावणेआठ इंच लागतात.

एवढा लहान सिलिंडर पुरेल का? हिशोब करून बघू. ओंडक्याचा मध्य पिनीपासून आडव्या अंतरात जास्तीत जास्त १७ इंचांच्या आसपास जातो. ४०० पौंडांचा ओंडका धरला, त्यात सांगाड्याचं वजन मिळवलं, तर पिनीभोवतीचं बळ सुमारे ७,७०० इंच-पौंड. सिलिंडरची तरफ सगळ्यात कमी असते तिथे पावणेचार इंच. म्हणजे सिलिंडरनं दोन हजार पौंडांच्या आसपास जोर लावायचा. दोन इंच बोअरचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच, तेव्हा तेलाचा दाब साडेसहाशे पीएसआय (चौरस इंचाला पौंड) झाला की काम झालं. यंत्राचा पंप अडीच हजारांच्या वर देतो. जोर भरपूर आहे. चिंता करायची ती वेगाची, त्याबद्दल पुढे.

लोखंडकाम

हातासाठी दोन इंची चौकोनी पाइप, जाडी दोन सूत म्हणजे पाव इंच. असे दोन पाइप दहा इंचांच्या अंतरावर, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. टेबलाच्या बाजूला जाळीचा पत्रा. सपाट पत्रा लावू नका, त्यावर साल, बर्फ आणि भुसा साचतो आणि ओंडका घसरतो.

पावलासाठी दोन इंच बाय दोन इंच, दोन सुती अँगल. इथे सपाट पट्टी वापरायचा मोह होतो, कारण ती जमिनीला चिकटून बसते. पण चार सूत जाड पट्टीसुद्धा या वजनाखाली वाकायच्या बेताला येते. त्याच वजनाला अँगल तिच्या तिपटीनं भक्कम आहे. अँगलची पुढची टोकं तिरकी कापून ग्राइंडरनं घासून घ्या, म्हणजे ओंडका सहज वर चढतो.

हात आणि पाऊल जिथे जुळतात, तिथे आतल्या कोपऱ्यात तीन इंची त्रिकोणी पत्रा भरा. ओंडका गोल असतो, त्यामुळे तो त्या कोपऱ्यात कधीच शिरत नाही. ती रिकामी जागा मजबुतीसाठी फुकट मिळालेली आहे. सगळा भार याच सांध्यावर येतो. इथलं वेल्डिंग चारही बाजूंनी पूर्ण मारा. मी ७०१८ जातीची एक सुती कांडी वापरली, १२० अँपिअरच्या आसपास. ही कांडी कोरडी हवी. ओल धरलेली असेल तर वेल्डला पुढे तडे जाऊ शकतात.

फिरती पिन सव्वा इंच जाडीची घेतली. दादानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पिन एकाच बाजूनं धरलेली नको: "दोन्हीकडून कान दे, मधे बुश फिरू दे." दुसरं, बुशला, म्हणजे पिनीवर फिरणाऱ्या नळाला, ग्रीसचं निपल हवंच. दोन्ही ऐका. बुशचा नळ जितका लांब, तितका सांगाडा कमी डगमगतो. माझा नळ १२ इंचांचा आहे. दोन्ही कान चार सुती प्लेटचे.

हे कान बीमला जोडायचे कसे, इथे जरा थांबून विचार करा. लाकूड फोडताना दट्ट्या, म्हणजे मुख्य सिलिंडरचा पुढे सरकणारा भाग, ओंडक्याला एका टोकाच्या ठोकळ्यावर दाबतो, म्हणजे बीमची दोन टोकं वरच्या बाजूनं एकमेकांपासून दूर ढकलली जातात. सगळ्यात जास्त ताण बीमच्या वरच्या पट्टीत येतो. त्या पट्टीला भोक पाडू नका आणि आडवं वेल्डिंग तर मुळीच मारू नका, तडा जायला तिथूनच सुरुवात होते. बीमच्या मधल्या उभ्या पोटात ताण कमी असतो. तिथे चार भोकं पाडून अर्धा इंची उच्च ताकदीचे बोल्ट घातले, पलीकडून चार सुती प्लेट दिली. असं केल्यानं लिफ्ट हवी तेव्हा काढताही येते.

वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. बॅटरी असेल तर तिची वायर सोडा. अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्ड मारायचा आहे त्याच तुकड्याला, अगदी जवळ लावा, नाहीतर करंट सिलिंडरच्या दांड्यातून किंवा बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यांच्यावर डाग पडतात. सिलिंडरवर आणि तेलाच्या टाकीवर वेल्डिंग करायचंच नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाइप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्याचा धूर छातीला घातक.

क्रम असा ठेवा: सगळे तुकडे नुसते टाके मारून जोडा, यंत्रावर लावून हातानं फिरवून बघा, मग काढून पूर्ण वेल्ड मारा. मारताना एका बाजूला थोडं, मग दुसऱ्या बाजूला थोडं. सलग मारलं तर पाइप ओढला जातो आणि बुशमध्ये पिन जात नाही.

टेकू नसेल तर लिफ्ट चालवू नका

हा भाग मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगतो आहे. गाडीमागे ओढायचं लाकूडफोड यंत्र तीन ठिकाणी जमिनीला टेकतं: दोन चाकं मागे इंजिनाखाली, आणि पुढे बीमच्या टोकाजवळ मधोमध एकच पाय. या तीन बिंदूंना जोडणारा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. लिफ्ट बसते ती पुढच्या भागात, कारण ओंडका तिथेच हवा असतो. म्हणजे जिथे आधार सगळ्यात अरुंद, तिथेच आपण बाजूला दीड-दोन फूट बाहेर दीडशे किलो टांगतो. यंत्र स्वतः पावणेतीनशे किलोंचं असलं तरी ते त्या बाजूला कलंडतं, आणि त्या बाजूलाच माणूस उभा असतो.

म्हणून लिफ्टच्या कानाखाली चौथा पाय द्यायचा. अडीच इंची चौकोनी पाइप कानाच्या प्लेटला उभा वेल्ड करा, त्यात दोन इंची पाइप सरकता ठेवा. दर इंचावर भोक, आरपार पिन, वर स्प्रिंगची क्लिप. खाली सहा इंच बाय सहा इंचांची प्लेट, म्हणजे ओल्या मातीत रुतणार नाही. काम सुरू करताना आधी हा पाय टेकवायचा, मगच इंजिन. गोठलेली जमीन दुपारी सैल होते, तेव्हा जेवणानंतर पुन्हा एकदा तपासायचा. माझ्या बायकोनं या पायाला लाल रंग दिला आहे, वर उचललेला असेल तर लांबून दिसावा म्हणून.

तेलाची जोडणी

यंत्रात तेलाचा रस्ता सरळ असतो: पंपातून मुख्य व्हॉल्व्हमध्ये, तिथून टाकीत. लिफ्टसाठी दुसरा व्हॉल्व्ह लागतो. मुख्य व्हॉल्व्हचा दांडा सोडल्यावरही अडकून राहतो, दट्ट्या आपोआप मागे यावा म्हणून. लिफ्टला तसला व्हॉल्व्ह अजिबात चालणार नाही. दांडा सोडला की स्प्रिंगनं मधे येणारा आणि लिफ्ट आहे तिथेच थांबवणारा व्हॉल्व्ह घ्या.

तो पंप आणि मुख्य व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसवायचा. दुकानात मागताना 'पॉवर बियॉन्ड' सोय असलेला मागा. साध्या व्हॉल्व्हचं टाकीकडे जाणारं तोंड दाब सहन करण्यासाठी बनवलेलं नसतं. त्यातूनच पुढे मुख्य व्हॉल्व्हला तेल दिलं, तर लाकूड फोडताना सगळा दाब त्या तोंडावर येतो आणि व्हॉल्व्हचं अंग फुटू शकतं. पॉवर बियॉन्डमध्ये तीन वाटा स्वतंत्र असतात: पंपाकडून आत, पुढच्या व्हॉल्व्हकडे दाबाची वाट, आणि टाकीकडे वेगळी. टाकीची नळी टी जोडून यंत्राच्या परतीच्या नळीला मिळवा.

दोन गोष्टी खरेदीच्या वेळी बघा. पंपाचं सगळं तेल या व्हॉल्व्हमधून जाणार, तेव्हा त्याची क्षमता पंपाइतकी किंवा जास्त हवी. लहान व्हॉल्व्ह घेतला तर तेल तापतं आणि फोडण्याचा वेगही मंदावतो. दुसरं, याच्या आत स्वतःचा दाब सोडणारा झडपा असतो. तो मुख्य व्हॉल्व्हपेक्षा कमी दाबावर लावलेला असेल, तर लिफ्ट व्यवस्थित चालेल पण लाकूड फुटेनासं होईल, कारण पहिल्याच वळणावर दाब निसटून जातो. तो किमान मुख्य व्हॉल्व्हइतका ठेवा. दाबाचं घड्याळ लावूनच ठरवा, अंदाजानं स्क्रू फिरवू नका.

आता वेग. माझा पंप हलक्या दाबावर मिनिटाला १३ गॅलन तेल देतो, म्हणजे सेकंदाला ५० घनइंच. लिफ्टचा सिलिंडर पूर्ण भरायला २५ घनइंच पुरतात. म्हणजे काही आवर न घालता दांडा दाबला, तर ओंडका अर्ध्या सेकंदात वर. तो वर जाऊन थांबणार नाही, बीमवरून पलीकडे उडेल. म्हणून सिलिंडरच्या बुडाच्या तोंडावर तेल आवळणारा नीडल व्हॉल्व्ह लावायचाच, दोन्ही दिशांना आवळणारा. वर जायला चार-पाच सेकंद लागतील एवढा आवळा, मग लॉकनट घट्ट करा. आवळल्यामुळे जास्तीचं तेल दाब सोडणाऱ्या झडपेतून जातं आणि तापतं, पण चार-पाच सेकंदांनी काही बिघडत नाही. लिफ्ट वर पोचल्यावरही दांडा दाबून धरणं मात्र टाळा.

नळ्या दोन पदरी तारेच्या घ्या. तीन सुती व्यासाच्या अशा नळीची मर्यादा ४,८०० पीएसआयच्या आसपास असते, म्हणजे भरपूर वाव आहे. लिफ्ट वर-खाली होताना नळी ताणली जाणार नाही आणि हाताच्या सांध्यात चिमटणार नाही, एवढी ढिली ठेवा. तेल आमच्याकडच्या थंडीसाठी ३२ ग्रेडचं.

पहिल्यांदा चालवताना

आधी ओंडक्याशिवाय. इंजिन हळू ठेवून लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करा, सिलिंडरमधली हवा निघून जाते आणि धक्के थांबतात. टाकीत तेल बघा, नवीन सिलिंडर आणि नळ्यांनी थोडं प्यायलेलं असतं.

गळती हातानं चाचपू नका. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून सुईसारखं निघतं, दिसतही नाही, आणि हातमोज्यासकट कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते पण आत तेल पसरतं, ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठ्याचा तुकडा जोडांजवळून फिरवा, गळती असेल तर त्यावर डाग उमटतो. असं काही झालंच तर घरी थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा आणि हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा.

मग शंभर पौंडांचा ओंडका, मग दोनशेचा. प्रत्येक वेळी चौथा पाय रुततो का, बीमच्या पोटातले बोल्ट हलतात का, सांध्याच्या वेल्डजवळ रंगाला भेग पडते का, ते बघा. रंगातली बारीक भेग ही लोखंडातल्या तड्याची पहिली खूण असते. म्हणून मी त्या सांध्याला मुद्दाम पिवळा फिका रंग दिला आहे, गडद रंगात भेग दिसत नाही.

खाली आणताना एक लक्षात ठेवा. सिलिंडर दोन्ही दिशांना जोर लावतो, त्यामुळे पाऊल जमिनीला टेकल्यावरही दांडा दाबत राहिलात तर लिफ्ट स्वतः यंत्रालाच उचलू लागते. पाऊल टेकलं की दांडा सोडा.

कामाची पद्धत आमच्या घरी ठरलेली आहे. दांडे एकाच माणसाच्या हातात, लिफ्टचाही आणि फोडायचाही. दुसरा माणूस ओंडके लोळवत आणून पावलापासून दोन पावलांवर ठेवतो आणि बाजूला होतो. एकानं ओंडका सरळ करायचा आणि दुसऱ्यानं दांडा ओढायचा, ही पद्धत बोटं घालवणारी आहे. उचललेल्या लिफ्टखाली हात किंवा पाय जाता कामा नये. ग्रीस मारायचं असेल तर लिफ्ट खाली, इंजिन बंद. काम संपलं की लिफ्ट खालीच ठेवायची, व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी रात्रीत ती थोडी थोडी उतरते. रस्त्यावर नेताना मात्र वर करून, हाताच्या पाइपमधून बीमच्या कानात आरपार पिन घालायची. तेलाच्या भरवशावर ती गाडीमागे न्यायची नाही.

ओंडके लोळवायला टोकाशी फिरता आकडा असलेला लांब दांडा घ्या. मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही नावाच्या लोहारानं १८५०च्या दशकात नदीतले ओंडके वळवण्यासाठी असा दांडा सुधारून बनवला, आणि त्याच्याच नावानं तो आजही दुकानात मिळतो. दीडशे किलोंचा ओंडका त्यानं एका हातानं वळतो. ढीग चढावर लावा आणि यंत्र खाली उभं करा, म्हणजे अर्धं काम उतारच करतो.

खर्च माझा साडेतीनशे डॉलरच्या आत-बाहेर झाला. त्यातला मोठा भाग सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळ्यांचा. लोखंड भंगारवाल्याकडचं, पण गंजून पापुद्रे सुटलेलं घेतलं नाही.

यंत्राला हायड्रॉलिक जोड द्यायची नसेल तर

व्हॉल्व्हमध्ये हात घालायला मन धजावत नसेल, किंवा तुम्ही गावाकडे वखारीत, गुऱ्हाळावर मोठे बुंधे हाताळत असाल, तर चेन पुली वापरा. अर्ध्या टनाची पुरते. तीन इंची पाइपचा तिवई-स्टँड करा, पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधा, म्हणजे भार आल्यावर फाकणार नाहीत. ओंडक्याला दोन्ही बाजूंनी चावणारा लोखंडी चिमटा लावून उचला. जितकं वजन जास्त, तितका तो घट्ट धरतो. सैल साल असलेल्या ओंडक्याला मात्र साल काढल्याशिवाय चिमटा लावू नका, साल हातात राहते आणि ओंडका सुटतो. वाळलेल्या ॲशची साल तर पोखरलेली असल्यानं नुसत्या कुऱ्हाडीच्या टोकानं सोलून निघते.

वेळ जास्त लागतो. एका ओंडक्याला दोन-तीन मिनिटं धरा. आठवड्याला चार-सहाच मोठे ओंडके असतील तर तेवढं पुष्कळ आहे, आणि हीच चेन पुली पुढे लिफ्ट बनवताना सांगाडा यंत्रावर टांगून धरायला उपयोगी पडते.